कारखान्यात हँडहेल्ड बसवून देण्याचा धंदा : मराठवाड्यात सुरुवात करणाऱ्यांसाठी

वाळूज, शेंद्रा, जालना, लातूर इथल्या कारखान्यांत आणि गोदामांत अजूनही बरीचशी नोंद वहीत होते. संध्याकाळी कोणीतरी ती वही समोर ठेवून एक्सेलमध्ये किंवा टॅलीत आकडे भरतं. माल जिथे पडलाय तिथेच, हातातल्या यंत्रावर नोंद व्हावी आणि ही दुसऱ्यांदा लिहिण्याची पायरी जावी, एवढंच आपलं काम. बारकोड वाचून नोंद करणाऱ्या त्या हातातल्या यंत्राला कोणी हँडहेल्ड म्हणतं, कोणी एचएचटी (हँडहेल्ड टर्मिनल), कोणी नुसतं स्कॅनर.

मी हे काम छत्रपती संभाजीनगरातून करतो. कॉम्प्युटर दुरुस्ती, सीसीटीव्ही किंवा टॅली सपोर्ट करणारी बरीच मुलं विचारतात की या धंद्यात शिरायचं कसं. त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहितोय. अँड्रॉइडची बरी ओळख, वायफायची समज आणि एक्सेल, एवढं येत असेल तर बाकीचं शिकता येतं. फक्त दोन पाळ्या पायावर उभं राहायची तयारी हवी.

१. विकायचं काय, ते आधी ठरवा

यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत: यंत्र विकणं, ते गिऱ्हाइकाच्या सॉफ्टवेअरला जोडून देणं आणि बसवलेलं चालू ठेवणं. नवीन माणूस पहिल्या गोष्टीच्या मागे लागतो, कारण बिल तिथे मोठं दिसतं. पण यंत्रावरचं मार्जिन फार बारीक असतं. परचेसवाले साहेब तुमच्यासमोर बसून ऑनलाइन भाव काढतात आणि तुम्हाला तिथपर्यंत खाली आणतात. तुमचं पोट भरणार ते जोडणीवर आणि वार्षिक देखभालीवर. त्यामुळे कोटेशनमध्ये पहिल्या दिवसापासून या तिन्हींचे आकडे वेगळे लिहा. जोडणी "फ्री" लिहिलीत, तर पुढच्या वर्षी तिचे पैसे मागता येत नाहीत.

२. एकाच प्रकारचं गिऱ्हाईक धरा

सुरुवातीला सगळीकडे हात घालू नका. प्रत्येक धंद्याची भाषा वेगळी आणि हंगामही वेगळा.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यातली व्हेंडर युनिट्स: मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग देणारी. पेटीवर पार्ट नंबर आणि बॅचचं लेबल, आधी आलेला माल आधी बाहेर, चुकीचा पार्ट गाडीत चढू नये, अशा त्यांच्या गरजा. नव्या माणसाला इथूनच सुरुवात सोपी जाते. काम वर्षभर चालतं, आणि एका युनिटचा मालक दुसऱ्याला सांगतो.

जालन्याच्या बियाणे कंपन्या: लॉट नंबर हा यांचा प्राण. केंद्र सरकारने २०२३ मध्ये बियाण्यांसाठी साथी पोर्टल सुरू केल्यापासून पिशवीवरचा क्यूआर आणि लॉटचा माग हा विषय सगळ्यांच्या तोंडी आहे. पण खरिपाचा माल एप्रिल-मेमध्ये निघतो. तेव्हा तुम्हाला कोणी गेटवरही उभं करणार नाही. यांचं काम फेब्रुवारीपर्यंत बसलं पाहिजे.

लातूर-उदगीरच्या डाळ मिल: शेठ सगळं स्वतः बघतात, निर्णय एका बैठकीत होतो, पण भावावर फार घासाघीस. गोदामातला स्टॉक आणि ट्रकमध्ये चढणाऱ्या पोत्यांची मोजणी, एवढंच आधी द्या.

साखर कारखाने: शेतकी विभागाची ऊस नोंद, तोडणीची चिठ्ठी, काट्यावरचं वजन. ऑर्डर मोठी, पण निर्णय संचालक मंडळातून फिरून येतो आणि पैसे सावकाश मिळतात. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं, म्हणजे चाचणी ऑगस्ट-सप्टेंबरात उरकलेली हवी. हाताशी भांडवल नसेल तर पहिल्या वर्षी इकडे वळू नका.

ओळखी कुठून काढायच्या? संभाजीनगरात मासिआ आणि सीएमआयए या उद्योजकांच्या संघटनांच्या कार्यक्रमांना जात राहा. सीएमआयएच्या पुढाकारातून उभं राहिलेलं मॅजिक हे इन्क्युबेशन केंद्रही नवीन धंदेवाल्यांसाठी उघडं आहे. तरी पहिलं काम बहुतेकांना ओळखीच्या टॅलीवाल्याकडून किंवा सीएकडून मिळतं. त्यांना कारखान्याच्या आतल्या भानगडी ठाऊक असतात.

३. यंत्र दाखवण्याआधी पाळी बघा

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते आणि सगळं हिच्यावरच ठरतं. मालक ऑफिसात बसून जी पद्धत सांगतात ती कागदावरची. जमिनीवर काय चालतं ते वेगळं.

वाळूजच्या एका प्रेस शॉपमधलं सांगतो. मालकांनी सांगितलं, की प्रत्येक बिन (माल भरायची पेटी) भरला की स्टोअरकीपर रजिस्टरला नोंद करतो. प्रत्यक्षात स्टोअरचे मामा खिशात खडू ठेवायचे. बिन भरला की त्याच्या पत्र्यावर खडूने आकडा लिहायचे, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर एक चक्कर मारून सगळे आकडे रजिस्टरला उतरवायचे. मधल्या वेळात एखादा बिन फोर्कलिफ्टने हलला, की तो आकडा त्याच्याबरोबर गेला. खरी नोंद त्या खडूची होती. म्हणून यंत्र स्टोअरच्या टेबलावर ठेवून उपयोग नव्हता, ते मामांच्या कमरेला हवं होतं. बिनवर न निघणारी लेबलाची पाटी हवी होती, आणि स्क्रीनवर फक्त दोनच गोष्टी: पाटी स्कॅन करा, आकडा टाका. हे ऑफिसात बसून कळलंच नसतं.

दिवसपाळी बघा, रात्रपाळी तर नक्कीच बघा, आणि वहीत एवढं टिपून घ्या:

- नोंद कोण करतं, कुठे उभं राहून, कोणत्या हाताने? दुसऱ्या हातात काय असतं?
- हातमोजे आहेत का? हाताला तेल, ग्रीस, डाळीची भुकटी लागते का?
- जागेवर उजेड किती, ऊन थेट पडतं का, दुपारी पत्र्याखाली किती तापतं?
- मोबाईलचं नेटवर्क कुठे जातं? लोखंडी रॅकमागे आणि गोदामाच्या शेवटच्या कोपऱ्यात स्वतः जाऊन बघा.
- लाईट गेली की काय चालू राहतं, काय बंद पडतं?
- कामगार कोणती भाषा वाचतात? जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये बिहार-उत्तर प्रदेशची माणसं बरीच असतात. तिथे स्क्रीन मराठीबरोबर हिंदीतही द्यावी लागते.

याच वेळी कोणीतरी हळूच विचारेल, "दादा, हे मशीन आलं की आमच्यातला एक माणूस कमी करणार का?" या प्रश्नाला तुम्ही परस्पर उत्तर देऊ नका. मालकाशी आधी बोलून घ्या, आणि मालकाने स्वतः सगळ्यांसमोर ते सांगावं असा आग्रह धरा. माणसाच्या मनात ही भीती राहिली, तर यंत्र रोज काही ना काही कारणाने खाली पडतं.

४. यंत्राची निवड

आता यंत्र. पहिला प्रश्न असा: साधा मोबाईल चालेल, की स्कॅन इंजिनवालं (बारकोड वाचणारा वेगळा भाग असलेलं) हँडहेल्डच हवं? दिवसाला मोजकेच स्कॅन असतील, माणूस सुपरवायझर असेल, जागा स्वच्छ असेल, तर चांगल्या कव्हरमधला साधा मोबाईल पुरतो. उगाच महागडं गळ्यात मारू नका. पाळीत शेकडो स्कॅन असतील तर मात्र मोबाईलच्या कॅमेऱ्याने माणूस कंटाळतो. कॅमेरा फोकस शोधत बसतो, अंधारात अडतो, बॅटरी खातो. तिथे बाजूला बटण असलेलं, टू-डी इंजिनवालं (साध्या बारकोडबरोबर क्यूआरही वाचणारं) यंत्रच द्या. झेब्रा, हनीवेल, डेटालॉजिक, न्यूलँड, उरोवो ही नावं बाजारात भेटतील.

घेताना हे बघा:

- आयपी रेटिंग. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं. डाळ मिल आणि जिनिंगसाठी पहिला ६ हवाच.
- बॅटरी बाहेर काढता येते का? तीन पाळ्यांच्या ठिकाणी हे नसेल तर यंत्र चार्जरलाच टांगलेलं राहतं.
- उष्णता. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करणं घातक असतं, म्हणून बरीच यंत्रं त्या तापमानाला चार्जिंगच थांबवतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४० च्या पुढे असतो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. म्हणून चार्जिंगची जागा शेडमध्ये नको, ऑफिसच्या बाजूच्या थंड खोलीत करा.
- अँड्रॉइडची आवृत्ती आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.
- दुरुस्ती कुठे होते? पुणे-मुंबईला पाठवायचं असेल तर येण्याजाण्याचे दिवस धरूनच जादा यंत्र ठेवा.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. साखर कारखान्याची डिस्टिलरी, इथेनॉलच्या टाक्या, रंगाचं किंवा सॉल्व्हंटचं गोदाम, अशा ठिकाणी हवेत पेट घेणारी वाफ असू शकते. तिथे साधं हँडहेल्ड, साधा मोबाईल चालत नाही. ठिणगी न देणारं, त्या क्षेत्रासाठी प्रमाणित यंत्रच लागतं, आणि भारतात या मंजुरीचं काम पेसो ही स्फोटकांच्या सुरक्षेची सरकारी संस्था बघते. गिऱ्हाईक म्हणालं की "आमची माणसं रोज मोबाईल नेतात, काय होत नाही", तरी सेफ्टी ऑफिसरच्या सहीशिवाय तिथे काही बसवू नका.

सेकंडहँड यंत्र घेणार असाल तर स्टार-हॅश-०६-हॅश दाबून आयएमईआय (यंत्राचा ओळख क्रमांक) काढा, आणि केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, जागा सोडून तो पंधरा आकडी क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. नंबर काळ्या यादीत असेल तर तिथेच कळतं. स्वस्तात बाहेरून परस्पर मागवण्याच्या फंदात मात्र पडू नका. वायरलेस यंत्राला डब्ल्यूपीसीची (दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाची) मंजुरी आणि बीआयएसची नोंदणी लागते. माल कस्टममध्ये अडकला की वेळ गेला, पैसाही गेला.

लेबलकडे कोणी बघत नाही, आणि निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. डायरेक्ट थर्मल लेबल रिबनशिवाय (शाईच्या पट्टीशिवाय) छापलं जातं म्हणून स्वस्त पडतं, पण उन्हात आणि उष्णतेत काळं पडतं किंवा उडून जातं. आजच्या आज निघून जाणाऱ्या पार्सलला ते ठीक. महिनोन्‌महिने गोदामात राहणाऱ्या मालाला रिबनवर छापलेलंच लेबल द्या, आणि तेल-ग्रीस लागणार असेल तर रेझिन रिबन आणि प्लास्टिकचं लेबल. आतल्या वापराला कोड १२८ (रेघांचा बारकोड) किंवा क्यूआर पुरे. त्यासाठी जीएस१ ची, म्हणजे बारकोडचे अधिकृत क्रमांक देणाऱ्या संस्थेची, नोंदणी लागत नाही. दुकानात विकल्या जाणाऱ्या मालावरचा बारकोड हा वेगळा विषय.

५. जोडणी आणि सॉफ्टवेअर

गिऱ्हाइकाकडे काय आहे ते आधी बघा. टॅली, मार्ग, बिझी, सॅप, की नुसतं एक्सेल? नवीन सॉफ्टवेअर गळ्यात बांधू नका. बहुतेक यंत्रांत स्कॅन केलेला कोड कीबोर्डवर टाईप केल्यासारखा थेट रकान्यात जाण्याची सोय असते. झेब्रामध्ये तिला डेटावेज म्हणतात. पहिलं काम एवढ्यावरच, एका साध्या वेब फॉर्मवर निभावता येतं.

नेट नसताना चालणं ही अट कधीही सोडू नका. नोंद आधी यंत्रात साठली पाहिजे आणि नेट आलं की आपोआप वर गेली पाहिजे. "आमच्याकडे वायफाय आहे" या वाक्यावर विसंबून राहू नका. ऑफिसचं वायफाय गोदामाच्या मधल्या खांबापर्यंतही पोहोचत नाही.

चार-पाचपेक्षा जास्त यंत्रं असतील तर एमडीएम (मोबाईल डिव्हाइस मॅनेजमेंट) सॉफ्टवेअर घ्या, म्हणजे सगळी यंत्रं एका जागेवरून सांभाळता येतात. पुण्याचं स्केलफ्यूजन, झोहोचं मॅनेजइंजिन, सोटी असे पर्याय आहेत. काहींची मोफत चाचणी मिळते, ती घेऊन हात बसवा. नवीन किंवा फॅक्टरी रीसेट केलेलं यंत्र चालू केल्यावर पहिल्याच स्वागताच्या स्क्रीनवर एका जागी सहा वेळा बोट टेकवलं की क्यूआर स्कॅनर उघडतो. एमडीएमचा क्यूआर दाखवला की यंत्र आपल्या ताब्यात येतं. मग कियॉस्क मोड लावा, म्हणजे आपलं अ‍ॅप सोडून दुसरं काही उघडत नाही. पासवर्डऐवजी ओळखपत्रावर बारकोड छापा आणि तोच स्कॅन करून लॉगिन द्या. तेलकट हाताने कोणी पासवर्ड टाईप करत नाही, मग सगळी पाळी एकाच नावावर चालते.

सिमकार्डाचं: कंपनीच्या नावाने एकगठ्ठा सिम घेण्याची जुनी पद्धत बंद झाली आहे. बिझनेस कनेक्शनमध्ये प्रत्येक सिम वापरणाऱ्याचं केवायसी लागतं. कामगारांची कागदपत्रं गोळा करायला वेळ धरा.

६. तुमची स्वतःची कागदपत्रं

- पॅन, आधार, फर्मच्या नावाचं चालू खातं
- जागेचा पुरावा: वीजबिल, भाडेकरार किंवा मालकाचं संमतीपत्र
- शॉप अ‍ॅक्ट: २० पेक्षा कमी कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची (२०२५ पर्यंत ही मर्यादा १० होती)
- उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगाची सरकारी नोंदणी)
- जीएसटी
- व्यवसाय कर: वर्षाला २५०० रुपये
- कोटेशन, कामाची व्याप्ती, डिलिव्हरी चलन आणि देखभाल करार यांचे तयार नमुने

उद्यम नोंदणी पूर्ण मोफत आहे, सरकारी पोर्टलवर पॅन-आधारवर होते. हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट पैसे घेतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते बघा. नोंदणीत धंद्याचा प्रकार निवडताना नुसता "व्यापार" निवडू नका. घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम मिळतं, पण ते बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं. पैसे थकले तर मिळणारं कायद्याचं संरक्षण त्यात येत नाही. तुम्ही जोडणी आणि दुरुस्ती करता, म्हणजे सेवा देता. एनआयसी कोडमध्ये (धंद्याच्या प्रकाराचे सरकारी क्रमांक) कॉम्प्युटर सेवेचा ६२ हा गट आणि दुरुस्तीचा ९५ हा गट आठवणीने टाका.

जीएसटी नोंदणीची मर्यादा सेवांसाठी वर्षाला २० लाखांची उलाढाल आहे, तरी मी सुरुवातीलाच नोंदणी करा म्हणेन. कारखान्याला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) हवं असतं, बिनजीएसटीच्या बिलाला परचेसवाले हात लावत नाहीत. यंत्रांवर १८ टक्के लागतो.

कर्ज हवं असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम (पीएमईजीपी) यांची चौकशी करा. पीएमईजीपीत सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो आणि अनुदान १५ ते ३५ टक्के, प्रवर्ग आणि ग्रामीण-शहरी भागाप्रमाणे. पण ते नव्या धंद्यालाच मिळतं, आणि अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेत अडकून राहते. धंदा सुरू करून मग अर्ज केला तर उपयोग नाही. आधी अर्ज, मग पाटी.

७. चाचणी

एक विभाग, दोन-तीन यंत्रं, दोन आठवडे. त्या काळात वही बंद करू नका. वही आणि यंत्र दोन्ही चालू ठेवा आणि रोज संध्याकाळी दोन्हींचे आकडे समोरासमोर लावा. फरक आला की त्याच दिवशी कारण शोधा. दुसऱ्या दिवशी कोणालाच काही आठवत नाही.

चाचणी फुकट देऊ नका. थोडी तरी रक्कम घ्या, पुढे बिलातून वजा करा. ज्याने पैसे दिले तो मालक रोज विचारपूस करतो, फुकटचं यंत्र कपाटात जातं. आणि चाचणी यशस्वी कशाला म्हणायचं ते सुरू होण्याआधी एका ओळीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. उदाहरणार्थ, "सलग सहा दिवस स्टोअरचा आकडा आणि प्रत्यक्ष मोजणी जुळली पाहिजे". हे नसेल तर चाचणी संपतच नाही, रोज नवीन मागणी येते.

शिकवताना सगळ्यांना एका खोलीत बसवू नका. जिथे काम आहे तिथेच, एकेकाच्या हातात यंत्र देऊन पंधरा मिनिटं. आधी सगळ्यात जुन्या माणसाला शिकवा. मामांना जमलं की पोरं आपोआप शिकतात. पोरांना आधी शिकवलं तर मामा यंत्राला हात लावत नाहीत. पहिल्या रात्रपाळीला तुम्ही स्वतः हजर राहा.

८. पैसे आणि करार

ऑर्डरबरोबर यंत्रांची पूर्ण किंमत किंवा निदान निम्मी रक्कम आगाऊ घ्या. पुरवठादार तुम्हाला उधार देणार नाही, आणि एका अडकलेल्या बिलात नवीन धंद्याचं सगळं भांडवल जातं. उरलेली रक्कम बसवल्यावर आणि चाचणीची सही झाल्यावर.

सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर केला तर आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात हे ४३बी(एच) कलम होतं) गिऱ्हाइकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा करता येतो. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. मार्चमध्ये त्यांचा सीएच त्यांना आठवण करून देतो. अगदीच अडलं तर केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार करता येते, पण ते शेवटचं पाऊल. गाव एवढंसं आहे, तिथे गेलात की ते गिऱ्हाईक गेलं असं समजा.

देखभाल करारात काय येतं आणि काय येत नाही ते स्पष्ट लिहा. फुटलेली काच, पाण्यात पडलेलं यंत्र, हरवलेला चार्जर हे बाहेर. फोनला किती वेळात उत्तर आणि जागेवर किती तासांत पोहोचणार, हे पाळता येईल तेवढंच लिहा. संभाजीनगरातून नांदेडला दोन तासांत येतो असं लिहून देऊ नका. तिकडे काम घ्यायचं तर आधी तिथला एक पोरगा तयार करा.

९. बसवल्यानंतर

प्रत्येक दहा यंत्रांमागे निदान एक तयार यंत्र गिऱ्हाइकाच्या स्टोअरमध्ये ठेवा, एमडीएम लावून, चार्ज करून. सगळ्या यंत्रांचे आयएमईआय आणि सीरियल नंबर एका यादीत, त्याची एक प्रत तुमच्याकडे. यंत्र चोरीला गेलं तर पोलिसांत तक्रार करून संचार साथी पोर्टलवरून ते ब्लॉक करता येतं, आणि त्यासाठी हा नंबर लागतो.

लोकेशन चालू ठेवायचं असेल, उदाहरणार्थ फील्डवरच्या शेतकी कर्मचाऱ्यांसाठी, तर फक्त ड्यूटीच्या वेळात. तेही माणसाला आधी त्याच्या भाषेत लिहून, सांगून, सही घेऊन. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी सुट्टीच्या दिवशी कोणी कुठे गेला हे बघायची सोय मालकाने मागितली तर ती देऊ नका.

बॅटरी फुगलेली दिसली की यंत्र त्याच क्षणी बाजूला काढा. दाबून बसवून पुन्हा चार्जिंगला लावू नका, टोचू नका. जुन्या बॅटऱ्या आणि यंत्रं भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर करणाऱ्याकडे द्या, पावती गिऱ्हाइकाच्या फाईलला लावा, आणि देण्याआधी प्रत्येक यंत्र फॅक्टरी रीसेट करून एमडीएममधून त्याचं नाव काढा.